जावयाचा गुडघा

पहिला अनारसा हसला.

तुपात सोडल्यासोडल्या त्याच्या कडा विरल्या, मध्ये भोक पडलं, आणि बघता बघता कढईत नुसती खसखस तरंगायला लागली. सुलक्षणानं झाऱ्यानं तो चुरा काढून ताटलीत टाकला आणि गॅस बारीक केला. पीठ बहिणीने पुण्याहून पाठवलं होतं. लंडनजवळच्या पर्लीतल्या थंड ओट्यावर आल्यावर ते तिथल्यासारखं वागेलच असं नव्हतं. माणसं तरी कुठे वागतात.

"आई, तो तुटलेली मला दे," स्वानंद म्हणाला. नारिंगी टी-शर्ट घालून तो सकाळपासून स्वयंपाकघरात लुडबुडत होता. इथेच जन्मलेल्या त्याला मराठीतलं तो-ती-ते कधी जमलं नव्हतं.

"आधी जावयाचं, मग तुझं."

"तो सात वर्षं तुझा जावई आहे. मी एकोणतीस वर्षं तुझा मुलगा आहे. सीनिऑरिटी नावाची काही गोष्ट असतो की नाही?"

"मुलाला कोणी धोंडे करून घालत नाही. लग्न कर, तुझी सासू घालेल."

"माझी सासू मला सॅलड घालेल."

सुलक्षणाला हसू आलं. तिनं अनारशाच्या गोळ्यात चिमूटभर तांदळाची पिठी मळली आणि दुसरा थापायला घेतला. अधिक महिना तीन वर्षांनी एकदा येतो, आणि आला की लेक-जावयाला घरी बोलावून लक्ष्मीनारायण म्हणून पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे वाढायचे, अनारशांचं वाण द्यायचं. इंग्लंडमध्ये आल्यापासून अठ्ठावीस वर्षं तिनं हे फक्त फोनवर ऐकलं होतं. मग अनुयानं रूबेनशी लग्न केलं आणि डच का होईना, जावई मिळाला.

मागच्या अधिकात रूबेन त्याच्या फुटबॉल क्लबचा कॅप्टन होता. तेव्हा महाराष्ट्र मंडळातल्या बायका मुद्दाम बघायला आल्या होत्या. सव्वासहा फुटी माणूस पाटावर मांडी घालून बसला, सगळे धोंडे संपवले आणि "खूप छान" म्हणाला. त्यातला ख इतका खणखणीत की त्यांच्यातली दीनानाथची बायको अरुणा म्हणाली होती, अगं, आपल्या पोरांना नाही जमत. सुलक्षणाला पुढचे कितीतरी दिवस ते पुरलं होतं.

ह्या मे महिन्यात क्लबनं त्याला सोडलं. पत्रकात बाकीच्या तिघांबरोबर त्याचं नाव, खाली 'शुभेच्छा'. तेहेतिसाव्या वर्षी. पण मग ग्लेनार्डी क्लबवाले आले. स्कॉटलंडच्या टोकाला कुठेतरी, समुद्राकाठी. दोन वर्षं खेळायचं, आणि त्यानंतर तिथल्याच मुलांच्या अकादमीत कोच. खेळ संपल्यावर काय, ह्या प्रश्नाला रूबेनकडे दुसरं उत्तर नव्हतं. नऊ वर्षांचा असताना हॉलंडमधल्या देव्हेंटरच्या मैदानावर त्याला जे उचललं, त्यानंतर तो दुसरं काही शिकलाच नव्हता.

गेल्याच्या आधीच्या शुक्रवारी सही व्हायची होती. सुलक्षणानंच फोन केला होता. "अधिकात नवीन काही सुरू करू नये रे. दहा-अकरा दिवस थांब. मंगळवारी निज महिना लागतो." पलीकडून रूबेन म्हणाला होता, "ओके आई. मंगळवार." आपल्या पोटच्या पोरांनी हसून फोन ठेवला असता.

"मंगळवारी नक्की ना रे?" तिनं आता विचारलं.

"शंभर टक्के. मेडिकल झालाय. गुरुवारी परत बोलावलं होतं, बट दॅट्स रुटीन. प्रणवदादाच आहे ना तिथे डॉक्टर."

दीनानाथ-अरुणाचा मुलगा प्रणव. लहानपणी ह्यांच्याच जुन्या घरी गणपतीच्या नाटकात उंदीर झालेला. घरचाच माणूस आहे म्हटल्यावर सुलक्षणाचा जीव भांड्यात पडला. तिनं ओले हात पुसले आणि जेवणाच्या खोलीत रांगोळी काढून मांडलेल्या दोन पाटांकडे बघितलं.

"आई, तो खाली बसणार आहे?" स्वानंद दारातून म्हणाला.

"मागच्या वेळी बसला होता."

"मागच्या वेळी."

 पाट उचलून तिनं भिंतीला लावले. रांगोळीवर दोन खुर्च्या ठेवल्या. त्यांच्या पायांखाली रांगोळी मोडली.

अनुयाला भेटायच्या आधीपासून रूबेन स्वानंदचा होता. तो इंग्लंडमध्ये आला तेव्हा स्वानंद अठरा वर्षांचा. मोठ्या क्लबनं मोठ्या गाजावाजानं आणला, दोन वर्षं बाकावर ठेवला आणि इतरांना वापरायला दिला. एकदा हॉलंडच्या संघानं बोलावलं, ट्रॅकसूट दिला, सामना संपेपर्यंत वॉर्मअप करायला लावला आणि परत पाठवला. इंटरनेटवर त्याचं नाव टाकलं की आजही पहिल्यांदा दिसतो तो एक फसलेला बॅकपास, ज्यानं त्याचा क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये गेला. त्याच क्लबला त्यानंच नंतर कॅप्टन होऊन वर आणलं, ते बघायला खाली बरंच स्क्रोल करावं लागतं.

"तुला माहितीये तो वेगळा का आहे?" स्वानंद आईला कितव्यांदा तरी सांगत होता. "समोरून कोणी बॉल घेऊन सुसाट आला की सगळे डिफेंडर वळतात आणि पळतात. रूबेन कधी पाठ नाही फिरवत. तोंड त्याच्याकडे ठेवून मागे मागे जातो. नजर नाही काढत. आणि वाट बघतो."

"कसली?"

"समोरचा चुकायची."

*

मागच्या काचेच्या खोलीत अनुयाचे बाबा, डॉ. श्रीनिवास, नातीला खेळवत होते. इरावती दोन वर्षांची. तिनं हात पसरले म्हणून ते उचलायला वाकले, तर ती "नो, आजोबा" म्हणून मागे सरली. कोपऱ्यातलं प्लास्टिकचं स्टूल दोन्ही हातांनी फरफटत आणलं, त्यावर चढली, तोल सावरला आणि मग हात पसरले. आता घ्या.

वाकता न येणाऱ्या बापाची मुलगी अशी उंच व्हायला शिकली होती. तिला वाटत होतं, सगळ्यांना असंच घ्यावं लागतं.

श्रीनिवासांनी तिला उचललं आणि बागेकडे बघितलं. रूबेन कुंपणाजवळ फोनवर होता. रविवारी दुपारी एजंट फोन करतो तेव्हा बातमी दोनच प्रकारची असते. रूबेन चालत होता, आणि तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलांत लोकांचे गुडघे उघडून बसवलेल्या माणसाला त्याच्या चालण्यातून सगळं वाचता येत होतं. डावा पाय पूर्ण सरळ होत नव्हता. टाच आधी टेकायला हवी ती टेकत नव्हती. मग चालणं थांबलं. फोन कानालाच होता, पण रूबेन बोलत नव्हता.

झालं, श्रीनिवासांच्या मनात आलं.

सोमवारी प्रणवला त्यांनीच फोन केला होता. तीनच मिनिटं. "डॉक्टर म्हणून नाही सांगत आहे, काका म्हणून सांगतोय," अशी सुरुवात केली होती, आणि बोलताबोलताच कळलं होतं की हे वाक्य कुठल्याही बाजूनं खरं नाही. डावा गुडघा पूर्ण वाकवून बघ म्हणाले. मागच्या बाजूचा फोटो काढ. जिना उतरायला लाव. शेवटी प्रणव म्हणाला, "काका, एकदा तुम्ही सांगितल्यावर मला न बघितल्यासारखं नाही करता येणार." "म्हणूनच सांगतोय," ते म्हणाले होते.

अजून दोन मोसम त्या गुडघ्यावर म्हणजे चाळिशीत काठी. हे खरं होतं. ते रूबेनच्या तोंडावर सांगायचं धैर्य मात्र त्यांच्यात नव्हतं, हेही तितकंच खरं. आणि फोन करण्याची वेळ त्यांच्यावर का आली, हे ते कुणाला सांगणार नव्हते. तेवढं त्यांनी फोन ठेवतानाच ठरवलं होतं.

"पापा सॅड," इरावती काचेला नाक लावून म्हणाली.

"हो," श्रीनिवास म्हणाले. "पापा सॅड."

*

रूबेन आत आला आणि जेवणाच्या खोलीत उभा राहिला. सुलक्षणा वाणाच्या तबकात अनारसे रचत होती. अनुया समईत तेल घालत होती. माहेरी आली की ती नेसते ती आईची हिरवी साडी तिनं नेसली होती.

"ग्लेनार्डी नाही म्हणाले," तो इंग्रजीत म्हणाला. "संपलं."

स्वानंद म्हणाला, "नाही म्हणजे? पैसे कमी करतायत का? ते करतात तसं लास्ट मिनिटला."

"पैसे नाही. गुडघा. गुरुवारचा रिपोर्ट बघून बोर्डानं नाही म्हटलं. कोचिंगचंही नाही. ते म्हणाले, ते दोन्ही एकत्रच होतं."

"पण पहिल्या मेडिकलमध्ये तू पास झालास."

"झालो होतो."

सुलक्षणा खुर्चीत बसली. "अरे, पण प्रणव होता ना तिथे? त्यानं काही सांगितलं नाही त्यांना?"

"प्रणवनंच सांगितलं आई." रूबेननं टेबलाच्या कडेला हात टेकवला. "गुरुवारी त्यानं मला परत बोलावलं. फोटो काढले. मग जिन्यापाशी नेलं आणि म्हणाला, उतर. उतरलो. मग विचारलं, घरी तू जिना उलटा उतरतोस का?"

स्वानंद हसलाच. "उलटा? जिना कोण उलटा उतरतो?"

रूबेन हसला नाही. अनुयाच्या हातातल्या तेलाची धार समईबाहेर गेली. तिनं पदरानं ती पुसली.

"मी म्हटलं, हो. सकाळी. गुडघा गरम होईपर्यंत." रूबेन हे टेबलक्लॉथकडे बघत सांगत होता. "खोटं बोललो असतो. पण त्यानं असं विचारलं, जसं त्याला आधीच माहीत आहे."

"एक मिनिट," स्वानंदच्या आवाजातलं हसू गेलं. "त्याला कसा माहीत असेल? समवन टोल्ड हिम. प्रणवला कोणीतरी सांगितलं."

काचेच्या खोलीच्या दारात श्रीनिवास इरावतीला कडेवर घेऊन उभे होते.

"मी सांगितलं," ते म्हणाले. "सोमवारी मी फोन केला होता."

सुलक्षणाला आधी ते नीट ऐकूच आलं नाही. "तुम्ही काय केलंत?"

"त्याचा गुडघा संपलाय सुलक्षणा. मी डॉक्टर आहे."

"त्याचे डॉक्टर आहात का तुम्ही? त्यानं तुम्हाला दाखवला होता गुडघा?"

"नाही."

"मग? अहो, पोटच्या पोरीचा संसार आहे तो. तुम्ही बाहेरच्या माणसाला फोन करून..."

"प्रणव बाहेरचा नाही."

"तेच तर. बाहेरचा असता तर ऐकलं नसतं त्यानं तुमचं."

"बाबा, दॅट्स इल्लीगल, यू नो दॅट?" स्वानंद टेबलाला वळसा घालून बापासमोर आला. "सतरा वर्षं तो माणूस खेळला. सतरा. एक फोन करून तुम्ही बंद केला. त्याला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर त्यानं नाही म्हटलं असतं."

"मग नाही! त्याचा गुडघा आहे!"

इरावती रडायला लागली. अनुया पुढे आली आणि तिनं बापाच्या कडेवरून मुलीला घेतलं. घेताना दोघांचे चेहरे अगदी जवळ आले. खोलीतले सगळे तिच्याकडे बघत होते. आता तिनंच काहीतरी बोलायला हवं होतं, आणि ती बोलली.

"बाबा, तुम्हाला कोणी सांगितलं होतं हे करायला?"

श्रीनिवासांनी तिच्याकडे बघितलं.

"कोणी नाही," ते म्हणाले.

"ऐकलंत?" सुलक्षणा म्हणाली. "कोणी नाही. ह्यांना कधी कोणी सांगावं लागलंय? हे देव. भूल देऊन माणसं झोपवायची आणि आपल्याला वाटेल ते कापायचं. घरातही तेच."

"आई, तूही बस कर," स्वानंद वळून म्हणाला. "त्या शुक्रवारी सही होणार होता. पेन हातात होता त्याच्या. तू म्हणालीस अधिक आहे, अशुभ आहे, मंगळवारी कर. नाहीतर सोमवारी बाबांनी फोन केला असता तरी काय फरक पडणार होता? ही वुड हॅव बीन साइन्ड."

सुलक्षणाचा चेहरा पांढरा पडला. तिनं तबकातल्या अनारशांकडे बघितलं, जसं काही तेच आता तिच्या बाजूनं काही बोलतील. तिची बाजू घेऊन बोलणारा माणूस त्या खोलीत एकच होता, आणि त्याच्यावर ती आत्ताच तुटून पडली होती.

"तिनं चांगल्यासाठी सांगितलं होतं," श्रीनिवास म्हणाले.

"तुम्ही माझी वकिली करू नका."

"बाबा." रूबेनचा आवाज अगदी साधा होता. "तुम्ही मला उलटं उतरताना पाहिलंत?"

"पाहिलं."

"कुठे?"

ह्या घरात वरचा मजला नव्हता. निवृत्त झाल्यावर गुडघ्यांच्या डॉक्टरनं मुद्दाम बैठं घर घेतलं, म्हणून मंडळात चेष्टाही झाली होती. श्रीनिवासांची नजर पुढच्या दाराकडे गेली.

"बाहेर. पोर्चच्या पायऱ्यांवर."

रूबेननं मान हलवली. समजलं, अशी. मग तो हात धुवायला गेला.

*

लहान खोलीत अनुयानं इरावतीला पलंगावर आडवं केलं आणि फ्रॉकची बटणं सोडली. रडून रडून तिच्या पापण्या एकमेकींना चिकटल्या होत्या. अनुयानं बोट ओलं करून त्या पुसल्या. मुलीच्या पोटाला पावडरचा वास होता, आणि त्या वासावर ओठ टेकवून तिला वाटलं की इथेच राहावं, मान वर करूच नये.

आठवड्यापूर्वी, शनिवारी, ती एकटीच आली होती, इराला घेऊन. बाबा बागेत कोथिंबीर खुडत होते. इरानं स्टूल आणलं, चढली, हात पसरले. बाबा म्हणाले, ही असं का करते? तेव्हा तिनं सांगितलं. तो वाकू शकत नाही म्हणून. रात्री मांडीखाली उशी घेतो. सकाळी कठड्याला धरून उलटा उतरतो, आणि मी उठले आहे हे कळलं तर पायरीवरच थांबतो, मी परत आत जाईपर्यंत. म्हणून मी उठून दाराआड उभी राहते आणि पायऱ्या ऐकते.

मग ती म्हणाली होती, "बाबा, प्रणवला हे दिसेल का?"

"दाखवलं तर दिसेल."

ती काहीच बोलली नव्हती. कोथिंबिरीची काडी दातांत धरून नुसती बापाकडे बघत राहिली होती. लहानपणी खेळणं हवं असलं की जशी बघायची तशी. बाबांनी जुडी बांधली आणि आत गेले.

गुडघ्याची काळजी खरी होती. तेवढीच असती तर तिनं आज सगळ्यांसमोर सांगितलं असतं. पण केंब्रिजची लॅबही होती. सप्टेंबरपासून जागा. सात वर्षांत पाच शहरं, प्रत्येक शहरात नवं घर, नवा डॉक्टर, नवा पडदा. पीएचडीनंतरची दोन कामं तिनं अर्ध्यात सोडली होती, कारण खेळाडूंनी क्लब बदलायची ट्रान्सफर विंडो कुणाच्या प्रयोगासाठी थांबत नाही. लॅबचं तिनं रूबेनला सांगितलं तेव्हा तो मनापासून म्हणाला होता, "दोन वर्षं फक्त. मग तुझी पाळी." ह्याआधीही तो मनापासूनच म्हणाला होता.

दार लोटून सुलक्षणा आत आली. डोळे पुसलेले होते. पलंगाच्या कडेला बसून तिनं अनुयाची पाठ चोळली.

"तुझा बाप असा निघेल असं वाटलं नव्हतं गं."

"आई, जाऊ दे."

"कसं जाऊ दे? इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगते, माणूस बोलत नाही पण मनाचा साफ आहे. मला आता त्यांच्याशी बोलावंसंच वाटत नाही."

तिला सांगायला एक वाक्य पुरलं असतं. अनुयानं इरावतीची बटणं लावली. सगळी. मग सगळ्यात वरचं पुन्हा काढून पुन्हा लावलं.

"तू बोलू नकोस त्यांच्याशी काही दिवस," ती म्हणाली. "आपोआप निवळेल."

आपल्याच तोंडून हे ऐकून ती दचकली. सुलक्षणानं तिचं डोकं जवळ ओढलं आणि केसांवरून हात फिरवला. "माझी गुणाची बाय ती. एवढं होऊनही बापाचंच बघतेस."

दारावर टकटक झाली. रूबेन. सुलक्षणा उठून बाहेर गेली, जाताना त्याच्या दंडावर हात ठेवून.

"घरी जाऊ या," अनुया म्हणाली. "आत्ता."

"नाही." मग तो मराठीत म्हणाला, एकेक शब्द जुळवत, "आईने तीन दिवस केलंय. जेवू."

"रूबेन, मला तुला..."

"नंतर," तो म्हणाला, आणि मुलीला घेण्यासाठी पलंगाजवळ आला. इरावती पलंगावर उभी राहिली, म्हणजे त्याला वाकावं लागू नये.

*

दोन खुर्च्या शेजारी शेजारी. मोडलेल्या रांगोळीवर अनुया आणि रूबेन. स्वानंद भिंतीला टेकून उभा, हाताची घडी. सुलक्षणा नवऱ्याकडे न बघता पितळी परात, तांब्या आणि पंचा ठेवून समई लावायला गेली.

श्रीनिवास गुडघ्यांवर बसले. अडुसष्टाव्या वर्षीही ते कशालाही न धरता बसले, हे रूबेनच्या नजरेतून सुटलं नाही.

रूबेननं पँट दुमडली. कोमट पाणी पावलांवर आलं. वाकड्या झालेल्या बोटांवरून, बुटांच्या खिळ्यांनी पडलेल्या खुणांवरून म्हातारे हात सावकाश फिरले. डावा पाय धरताना मात्र एक हात आपोआप वर सरकला. अंगठा गुडघ्याच्या मागे गेला आणि तिथल्या टणक फुगीर जागेवर थांबला. किंचित दाब. रूबेननं पाय ओढून घेतला नाही. त्या जागेवर आजवर कितीतरी अंगठे दाबून गेले होते. त्या प्रत्येकाचे कुणीतरी पैसे भरले होते.

तो थोडा पुढे झुकला आणि हळू आवाजात इंग्रजीत म्हणाला, "पोर्चच्या त्या तीन पायऱ्या मी नेहमी सरळ उतरतो. तुम्ही गुडघ्यांचे डॉक्टर, म्हणून. दर वेळी. ओठ चावून."

श्रीनिवासांचा हात थांबला.

"माहीत आहे," ते म्हणाले.

"आमच्या घरी तुम्ही शेवटचे कधी आलात?"

"बारशाला."

"तेव्हा गुडघा चांगला होता."

"हो." श्रीनिवासांनी पंचा घेतला आणि पाय कोरडा केला. बोटांमधली जागासुद्धा. मग म्हणाले, "दुसरा पाय दे."

शेजारच्या खुर्चीत अनुया समोरच्या समईकडे बघत होती. मधलं अंतर हातभराचं. तिनं सगळं ऐकलं होतं.

रूबेनचं झालं तसे श्रीनिवास परात घेऊन तिच्यापुढे सरकले. तिनं पाय साडीत ओढून घेतले.

"बाबा, नको. माझे नको."

"दोघांचे धुवायचे असतात," सुलक्षणा मागून म्हणाली. "तिला सांगा."

"राहू दे," श्रीनिवास लेकीला म्हणाले, आणि घोटा धरून पाय हळूच परातीत ठेवला. "रीत आहे."

पाणी निवत आलं होतं. बापानं मान वर केली नाही, तिनं नजर हलवली नाही. त्याच्या विरळ झालेल्या केसांमधून दिसणाऱ्या टाळूकडे ती बघत राहिली. लहानपणी ती त्याच्या खांद्यावर बसायची तेव्हा तिथे दाट काळे केस होते आणि ती ते लगाम म्हणून धरायची.

जेवण झालं. रूबेननं धोंडे मागून घेतले. सुलक्षणा त्यावर तूप घालत राहिली, तो खात राहिला, आणि शेवटी म्हणाला, "खूप छान, आई." ख तसाच होता. सुलक्षणा उठून ओट्याकडे गेली आणि बराच वेळ पाठमोरी भांडी विसळत राहिली.

निघताना सगळे पोर्चमध्ये आले. अनुयाच्या हातात वाण, अनारशांचं तबक, वर लाल खण. सुलक्षणानं त्यावर निरांजन ठेवलं होतं. ते घरापर्यंत विझू द्यायचं नसतं, पण गाडीत न्यायचं कसं हे कुणी ठरवलं नव्हतं. स्वानंद इरावतीला घेऊन पुढे गेला आणि तिला गाडीच्या खुर्चीत बसवून पट्टे लावायला लागला.

रूबेन पायऱ्यांच्या टोकाशी आला. आणि वळला.

त्यानं दोन्ही हातांनी कठडा धरला, डावा पाय मागे सोडला, चाचपून पायरी घेतली आणि मग उजवा. अंगणात स्वच्छ ऊन होतं. शेजारचा माणूस कुंपण कापता कापता थांबून बघत होता. रूबेनचं तोंड दाराकडे होतं. श्रीनिवासांवरून त्याची नजर गेली, सुलक्षणावरून गेली आणि अनुयावर येऊन थांबली.

"अगं बाई," सुलक्षणा म्हणाली, "हा आज इथेही उलटा काय उतरतोय? कधी नाही तो!"

 श्रीनिवास जास्वंदीच्या कुंडीकडे बघू लागले.

दुसरी पायरी. रूबेनच्या चेहऱ्यावर राग नव्हता. सतरा वर्षं शनिवारी दुपारी त्यानं जे केलं तेच तो करत होता. मागे मागे जात होता, पाठ न फिरवता, नजर न काढता, घाई न करता. तिसऱ्या पायरीवर तो थांबला. तिथून खाली सपाट जमीन होती, पण तो उतरला नाही.

तो वाट बघत होता.

निरांजनाची ज्योत वाऱ्यानं आडवी झाली. तिला हात आडवा धरायचं निमित्त झालं, आणि अनुयानं मान खाली घातली.